कारण

आठवलं की अजूनही डोकं तापतं बघ. वादविवाद शिकवताना मी सातवीला सांगायचे, आधी कारण द्या, माणसावर घसरू नका. स्पर्धेत त्याच वर्गातल्या कमलनं, मुलींनी सातवीनंतरही शिकावं, हे असं मांडलं की कुणाला खोडता येईना. गावात शाळा सातवीपर्यंतच; पहिली आली तर चिखलीच्या शाळेत आठवीत घालीन, असं तिच्या बापानं कबूल केलेलं. हेडमास्तरांनी तिला दुसरा नंबर दिला.

"भाषण उत्तम, पण मुलीला एवढं बोलणं शोभत नाही."

कमल म्हणाली, "गुरुजी, हे माह्या मुद्द्याचं उत्तर नाही."

"बाई, हे तुम्ही शिकवलं?"

नवी नवरी मी, खाली बघून म्हटलं, "हो."

मागून तिचा बाप उठला. "गुरुजी, उत्तर नसन तं पोरगी जितली. मी तिले चिखलीले टाकतो."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी माझ्याकडून सातवीचा वर्ग काढून घेतला. मी कारण विचारलं. ते काही त्यांना देता आलं नाही.