सरकीच्या कोठीत कोंडल्याबाबत

ठाणे बऱ्हाणपूर, जिल्हा निमाड. ता. २० जानेवारी १९३४.

रंभाबाई बेवा कडू महाजन, वय सुमारे बेचाळीस, धंदा मजुरी, राहणार लोधीपुरा, बऱ्हाणपूर. ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

मी कापसाच्या जिनात सरकी काढायच्या यंत्रावर, म्हणजे रेच्यावर, कापूस टाकण्याचे काम करते. पती हयात नाहीत. मुलगी आशा जसोंडी गावी दिली होती. ती पहिल्या बाळंतपणासाठी माझ्याकडे आली होती.

ता. १२, शुक्रवारी दुपारी शेजारचे लोटू जिनाच्या फाटकावर आले व आशाला कळा सुरू झाल्याचे सांगून गेले. मी मुकादम यादव यांच्याकडे सुटी मागितली. ते म्हणाले, "भोंगा झाल्यावर जा." मी म्हणाले, "तुमच्या घरी बायका बाळंत होत नाहीत काय?" हे मी सगळ्यांसमोर बोलले. त्यावर ते म्हणाले की काट्यावरचे पितळी वजन गायब आहे, झडती दे. सोबतच्या निर्मलाने माझी झडती घेतली. काही मिळाले नाही. तरी यादव यांनी मला दंडाला धरून सरकीच्या कोठीत ढकलले व बाहेरून कडी घातली.

काही वेळाने दाराबाहेर हमाल बोलला, "मुकादम, वजन मिळालं. काट्याखालीच पडेल होतं." यादव म्हणाले, "असू दे. तोंड फार चालतं तिचं." कडी काढली नाही.

लोटू पुन्हा बोलवायला आले. त्यांचा आवाज मी ओळखला. दार बडवले, हाका मारल्या. रेचे चालू होते, त्या आवाजात त्यांना ऐकू गेले नाही. यादव यांनी त्यांना "ती चोरीत धरली आहे" असे सांगून परत पाठवले. हे लोटूंनी मला नंतर सांगितले.

संध्याकाळी सुटीचा भोंगा झाल्यावर मला सोडले. मी धावत घरी गेले. आशा गेली होती. अंग अजून कोमट होते. तिला मुलगी झाली, ती जिवंत आहे. लोटूंची बायको धुरपदाबाई हिचे मूल अंगावर आहे, तीच तिला पाजते.

धुरपदाबाईने सांगितले की लोटूंनी आणलेला निरोप आशाने आतून ऐकला. ती म्हणाली, "माही आई चोरी नाही करत." त्यानंतर ती कोणाशी बोलली नाही.

दाई हजर होती. मी असते तर आशा वाचली असती की नाही, हे मला सांगता येत नाही.

काल यादव घरी आले. जिनाच्या मालकांकडून पैसे व लुगडे आणले होते. म्हणाले, "तक्रार नाही म्हणून या कागदावर अंगठा दे, म्हणजे झालं." मी म्हणाले, "पैसे ठेवा तुमच्यापाशी. इथं ओट्यावर उभे राहा आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणा, रंभानं चोरी केली नाही." त्यांनी पैसे पुन्हा पुढे केले. मग म्हणाले, "बाई, पैसे वाढवून देतो. तेवढं बोलायला नको सांगू." व निघून गेले.

हवालदारांनी समजावले की कोंडल्याबद्दल फौजदारीत शिक्षा होईल, भरपाईसाठी दिवाणीत वेगळा दावा लावावा लागेल. मी दोन्ही करणार. भरपाई किती मागायची ते मला कळत नाही. मी चोर नाही एवढे कोर्टाने लिहावे. नात मोठी झाल्यावर तिला गल्लीत कोणी चोराची नात म्हणू नये.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात 'चोरीच्या संशयावरून कोंडले' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. वजन मिळाल्यावर यादव यांना संशय नव्हता. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, रंभाबाई.