इम्रानचा श्वास चुकला तेव्हा

आज इम्रान एवढा शांत दिसतो ना, पण दिल्लीत मुनिरकाला आम्ही एका खोलीत राहायचो तेव्हा त्याने चहाचा ग्लास उचलला की अर्धा चहा सांडायचा. आमची दोघांची यूपीएससीची प्रिलिम्स जवळ आली होती. त्याची छाती धडधडायची, झोप लागायची नाही. शेवटी मी त्याला ओढत जवळच्या पार्कात नेलं. तिथे रोज सकाळी एक रिटायर्ड मॅडम योगा शिकवायच्या.

झालं भलतंच. परभणीचा हा हुशार पोरगा, त्याने प्राणायामाचाही अभ्यास सुरू केला. जेवताना मला म्हणतो, "अरे, अनुलोम-विलोमची रिव्हिजन राहिली. उद्या मॅडमनी विचारलं तर?"

म्हणजे परीक्षेचं टेन्शन होतंच, वर आता योगाचंही.

एकदा सगळे डोळे मिटून बसलेले असताना ह्याचा घाबरा आवाज आला, "मॅम, मैंने गलत तरफ से साँस ले ली. शुरू से करूँ?"

मॅडमनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाल्या, "बेटा, इसमें निगेटिव मार्किंग नहीं है. अगली ले लो."

अख्खं पार्क हसलं. इम्रानही हसला, कितीतरी दिवसांनी.

परीक्षेच्या दिवशी सेंटरच्या गेटवर मात्र माझ्याच हातातून ॲडमिट कार्ड खाली पडलं. श्वास पुरेना. इम्रानने कार्ड उचलून माझ्या खिशात कोंबलं आणि पाठीवर हात ठेवला.

"श्वास घे," तो म्हणाला. "कुठल्याही नाकपुडीने घे यार. मार्क कटत नाहीत."