पंचविसावा आठवडा

पहिल्या नंबरचं गाणं खाली कसं येतं, ते मला विचारा. लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हाच्या दुष्काळातली गोष्ट. रेडिओवर आमचं आवडतं गाणं चोवीस आठवडे पहिलं होतं. पंचविसावा गाठला की विक्रम, म्हणून आमच्या श्रोता मंडळानं पन्नास कार्डं लिहिली. त्याच बैठकीत गल्लीला पाणी मिळावं म्हणून टँकरच्या सायबालाही पन्नास लिहिली. रफीकभाईचं अक्षर चांगलं, म्हणून मजकूर त्याचा. पत्ते माझे. गठ्ठे दोन होते, मी उलटे घेतले.

रेडिओला टँकरच्या पन्नास मागण्या गेल्या. गाणं दुसऱ्या नंबरवर आलं. रफीकभाई महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

सहा महिन्यांनी सायबाचं उत्तर आलं : ‘आपल्या गाण्याचे कागद जुन्या जिल्ह्यातून अद्याप आलेले नाहीत. आल्यावर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’

मी म्हणालो, "रफीकभाई, माझ्या चुकीनं गल्लीचं पाणी बी गेलं."

त्यानं कार्ड पुन्हा एकदा वाचलं.

"न्हाई रे. पत्ता बरोबर असता, तरी हेच आलं असतं."