कादंबरीतली खोटी बायको

सभेत मध्येच बोललेले मला खपत नाही. एकदाच खपवून घेतले, ते सांगते. आमच्या शहराच्या सदर भागातल्या एका पुस्तकांच्या दुकानात तेव्हा आम्ही दर महिन्याला जमत असू; सभा मी चालवत असे. आसपासचे लेखक येत आणि वर्तमानपत्रांतून परीक्षणे लिहिणारे त्यांच्यासमोरच त्यांच्या पुस्तकांविषयी बोलत. त्या दिवशी काटोलच्या एका संत्रा बागायतदाराची पहिलीच कादंबरी होती. बिचारे घामाघूम होऊन बसले होते.

परीक्षक म्हणाले, “नायकाची बायको साफ खोटी वाटते. ‘तुमच्या कवितेपरीस म्हैस बरी, दूध तं देते,’ असे खेड्यातली बाई नवऱ्याला कधी म्हणेल का? रविवारच्या अंकात मी तसे लिहिणार आहे.”

लेखकाचा चेहरा उतरला. तोच मागच्या बाकावरून त्यांची पत्नी उठली.

“काहून नाही म्हननार? मीच तं म्हटलं होतं, पोळ्याच्या दिवशी!” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “अन् तुमी थे छापून बी टाकलं?”

परीक्षक हरखले. “म्हणजे पात्र अस्सल आहे! शब्द मागे घेतो, आता अस्सल आहे असेच लिहितो.”

लेखकाने घाईने हात जोडले. “नका साहेब, खोटंच आहे म्हनून लिवा. मले हिच्यासंगंच बसनं काटोलले जाचं आहे.”