द्राक्षाच्या पानांचा प्रश्न

तुर्कस्तानातल्या इझमीरच्या संधिवाताच्या ओपीडीत रिफ्की बे फॉर्म भरून बसले होते. सगळीकडे एकच उत्तर: 'काही त्रास नाही'. शेजारच्या नझीहेमावशींना डॉक्टर तुलिन तोच फॉर्म वाचून दाखवत होती.

"मावशी, बाथटबमधून उठता येतं?"

"आमच्याकडे टबच नाही, पोरी. बादली आणि तांब्या."

"मग 'त्रास नाही' लिहू?"

"लिही. गोल्फचंही विचार, त्याचाही त्रास नाही. इंग्रजांच्या हिशोबानं मी ठणठणीत!"

"फॉर्म तिकडचाच आहे, आम्ही तुर्कीत आणतोय. तुम्हीच सांगा, काय विचारू?"

"द्राक्षाची पानं विचार. भात भरून करंगळीएवढी बारीक गुंडाळायचे मी. या ईदला विकतची आणली. सून म्हणते, दुखतंय कुठलं, आळस आहे सगळा."

"'पानं गुंडाळता येतात का?' काय लिहू?"

"अजिबात नाही. मोठ्या अक्षरात लिही."

"लिहिलं. हा प्रश्न आता फॉर्मात राहणार, मावशी."

"मग एक प्रत सुनेला दे. नको, मीच देते. सगळ्यांसमोर!"

रिफ्की बेंनी आपला फॉर्म हळूच पुढे केला.

"डॉक्टर, मला नवा द्या. आणि त्यात शर्टाच्या बटणांचं विचारा. सहा महिने बायको लावतेय. मी गल्लीत सांगतो, लाडानं लावते."