गुनवोरचे वरच्या पट्टीतले कान

…आणि वर मलाच म्हणते, "सिक्सटेन, ऐकलं हं मी!" अहो, काय ऐकलं? मी गाडीच्या बाहेर, ती आत बसून बूट चढवतेय, काचा बंद, समुद्रावरून वारा असा की टोपी धरावी का डोकं धरावं कळू नये, आणि त्या वाऱ्यात मी आपला दाढीतल्या दाढीत एवढंच पुटपुटलो, की हिला अजून किती वेळ लागणार… झालं! काच खाली! "लागेल तेवढा लागेल!" आता तुम्हीच सांगा, नवऱ्यानं पुटपुटायचं तरी कुठे? अं? बोटीनं खोल समुद्रात जाऊन?

बरं, तक्रार करायचीही सोय नाही. कारण हीच गुनवोर, तुम्हाला सांगतो, जन्मभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेली बाई, पार बहिरी झाली होती. एकदम नाही हो. आधी वरचे सूर गेले, मग फोनवर बहिणीशी बोलणं गेलं, मग टेबलावरच्या गप्पा गेल्या. लोक हसले की ही पण हसायची… जरा उशिरा. ते जरा उशिराचं हसणं बघवायचं नाही मला. मग तेही थांबलं. खिडकीशी बसून राहायची, कॉफीचा कप हातात, कॉफी गार.

मग आमच्या बेटावरून पूल ओलांडून काल्मार शहरात डॉक्टरांनी कवटीत एक यंत्र बसवलं, आणि कानामागे चुंबकानं चिकटणारा एक तुकडा दिला. घरी आली, कपात चमचा फिरवला, आणि ढसाढसा रडायला लागली. म्हटलं, काय झालं? म्हणे, "चमचा वाजतोय!" मग मीही रडलो. एका चमच्यासाठी दोन म्हातारी माणसं रडतायत! इथवर सगळं छान. इथवर माझ्या डोक्यात काही गोंधळ नव्हता.

गोंधळ केला तो तिथल्या कानवाल्या पोरीनं. नाकात नथनी, वागायला गोड. तपासणीला गेलो तर म्हणते, "गुनवोर, माणसाला ऐकू येतं तेवढंच ठेवू, का थोडं वरचं पण उघडून देऊ?" जसं काही बनवर साय हवी का विचारतेय! आणि आमची बाई काय म्हणाली? "उघड की!" अगं, नवऱ्याला विचार, देवाला विचार, पाद्र्याला विचार! छे! फोनवर बोट फिरवलं, आणि संध्याकाळी अंगणात उभी राहून मला सांगते, "वटवाघळं बोलतायत." अहो, वटवाघळं! मी जनावरांचा डॉक्टर होतो हो, आयुष्यभर कुत्र्यांच्या कातडीखाली चिप्स बसवल्या, एकदाही मनात आलं नाही की कुत्र्याला काय वाटत असेल. आता बायकोकडे बघून वाटायला लागलं. बहिऱ्याला कान दिले, ठीक. पण ऐकणाऱ्याला वटवाघळं? चूक म्हणावं तर चूक नाही, बरोबर म्हणावं तर गळ्याखाली उतरत नाही!

तरी हे घरातल्या घरात राहिलं असतं. पण मे महिना आला. आणि मे महिन्यात आमच्या ओलांड बेटावर माणूस माणसाचा नसतो, पक्ष्यांचा असतो. पक्षीमंडळाची स्पर्धा! जोडी-जोडीनं निघायचं, पहाटेपासून दुपारपर्यंत जितक्या जातींचे पक्षी दिसतील किंवा ऐकू येतील तेवढे मोजायचे. मंडळाचा अध्यक्ष कोण? मी. दरवर्षी चषक कोण उचलतो? राग्नवाल्ड. सहा फुटी गडी, मान ताठ, पक्ष्यांनी स्वतःहून येऊन याच्याकडे हजेरी लावावी असा चेहरा. आणि गुनवोरची जोडीदार कोण? इंगेयेर्ड, राग्नवाल्डची सख्खी बायको! जाणूनबुजून! "चाळीस वर्षं याच्याबरोबर घरात राहिले, रानात तरी दुसरं माणूस दे," म्हणते.

आता एक पक्षी आहे, कुंग्सफोगेल, म्हणजे राजपक्षी. राजा कसला, अंगठ्याएवढा! डोक्यावर पिवळी रेघ, आणि आवाज इतका बारीक की साठी उलटली की पहिला हा कानातून उडतो. आमच्या मंडळात तो कुणालाच ऐकू येत नाही, आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. टक्कल पडल्याबद्दल बोलत नाहीत तसं. गुनवोर पाइनच्या रानात शिरली आणि म्हणाली, "तो बघ. आणि तो दुसरा. आणि पलीकडे तिसरा भांडतोय." दलदलीच्या पार त्या टोकाचा बगळा हिनं या टोकाहून ओळखला! दुपारी निकाल लागला, राग्नवाल्ड दुसरा. दुसरा! त्याला त्या आकड्यावर उभं कसं राहायचं तेच माहीत नव्हतं.

मग सभा. कॉफी, वेलदोड्याचे बन आणि भांडण. राग्नवाल्ड उठला. "हे कान नाहीत, हा रेडिओ आहे!" इंगेयेर्ड बसल्या जागेवरून म्हणाली, "आणि तुझा तो नवा गुडघा रे? तो कुठल्या झाडाला लागला होता?" तो म्हणाला, "गुडघा दुरुस्त केलाय! उड्या मारायला नाही लावला!" ती म्हणाली, "आणि डोळ्यांतली भिंगं? ऑपरेशननंतर तूच म्हणालास ना, आता जवानीतल्यापेक्षा लख्ख दिसतं?" सगळे हसले. राग्नवाल्ड नाही हसला. खाली बसला आणि अगदी हळू म्हणाला, "मी जन्मभर पहाटे उठून हे कान कमावले. तिनं ते बसवून घेतले." हसणं थांबलं हो. कारण खरंच होतं ते.

गुनवोर म्हणाली, "कान बसवले, राग्नवाल्ड. पण ओरडतोय तो कोण, हे नाही कुणी बसवून दिलं. ते माझं मीच शिकले." हेही खरं! आता काय करता? दोघंही खरं बोलतायत आणि मी मध्ये! चूक म्हणावं तर चूक नाही, बरोबर म्हणावं तर…

मग जो तो कायदेपंडित! एक म्हणतो, निसर्गानं दिलं होतं तिथवर दुरुस्ती, त्यापुढे लबाडी. दुसरा म्हणतो, मग दुर्बीण निसर्गानं दिली का? तिसरा म्हणतो, दुर्बीण गळ्यात असते, हे डोक्यात आहे. गुनवोर म्हणाली, "बरं, फोनवरून कमी करते, साध्या माणसाएवढं." तर राग्नवाल्ड म्हणाला, "कमी केलंस हे आम्हाला कसं कळणार?"

तेव्हा तिनं कानामागचा तो तुकडा काढला. टेबलावर ठेवला, बनच्या ताटलीशेजारी. "घ्या. आता ठरवा," म्हणाली, जरा मोठ्यानंच, कारण स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता तिला. आणि खिडकीकडे तोंड करून बसली. सगळे तिला एकदम समजवायला लागले, अगं गुनवोर, तसं नाही गुनवोर! कोणाला सांगताय? ऐकतंय कोण?

आणि मी तिच्याकडे बघितलं. तोच चेहरा. हातात कप, कॉफी गार. मनात आलं, नैसर्गिक गुनवोर म्हणतात ती हीच. यंत्र नाही, वरची पट्टी नाही, देवानं ठेवली तशी. आणि ही मला नकोय! सांगायला लाज वाटते, पण दाढीत पुटपुटायचं स्वातंत्र्य गेलं तरी चालेल, ही नको.

मतं पडली. सारखी! सगळे माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्ष! मी हात वर केला, चषक गुनवोरचा. राग्नवाल्ड दार आपटून गेला, त्याची बायको मागे राहिली, दुसरा बन घेतला. मी तो तुकडा उचलून गुनवोरच्या हातात दिला. तिनं लावला आणि पहिलं काय विचारलं? "राग्नवाल्ड फार दुखावला का रे?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "मग तू बरोबर केलंस का?" म्हटलं, माहीत नाही गं. खरंच माहीत नाही. अजूनही नाही!

पुढच्याच आठवड्यात दारात राग्नवाल्ड. हातात कागदात गुंडाळलेला, धुरी दिलेला मासा, नजर पायपुसण्यावर. "सिक्सटेन, सहज विचारतो… तो काल्मारचा डॉक्टर… नाही, माझ्यासाठी नाही…" आतून, स्वयंपाकघरातून, नळ चालू, भांडी वाजतायत, त्यातून गुनवोर ओरडली, "नंबर देते, ये आत!"

आता काय सांगू तुम्हाला? वर्षभरात निम्मं मंडळ कानवालं झालं. काहींना गरज होती, काहींनी गरज शोधून काढली. पाइनच्या रानात सगळे माना वर करून उभे, चेहऱ्यावर हसू, "आहाहा, काय बोलतोय राजपक्षी!" आणि मी मध्ये खांबासारखा. गुनवोर म्हणते, "अरे, तूही घे की." म्हटलं, नाही! बहिरा झालो तर घेईन, हौसेला नाही! कोणीतरी रेघ मारायला नको का? ती कुठे मारायची ते ठाऊक नसलं तरी? चूक म्हणावं तर चूक नाही, बरोबर म्हणावं तर गळ्याखाली उतरत नाही!

मंडळानं माझा मान राखला. माझ्यासाठी वेगळा गट काढला, "निव्वळ निसर्गदत्त". त्यात मी एकटाच. परवा निकाल लागला…

दुसरा आलो. पहिला क्रमांक राखून ठेवलाय. चष्मा लावतो ना मी!