पन्नासावं नाव

(सकाळ. मावशीचं बटणांचं दुकान.)

मावशी : एकोणपन्नासच? पन्नासावं नाव कुणाचं राहिलंय?

भाची : आठवत नाहीये. तू आपली बटणं लाव ना डब्यांत.

मावशी : बटणं कुठे पळून जातात! नीट सांग. मुलाखत दिलीस विक्रीच्या नोकरीची, मग ही सगळ्या गोतावळ्याची यादी कशाला? तीही फोन नंबरासकट?

भाची : साहेब म्हणाले, हीच शेवटची परीक्षा. ओळखीची पन्नास माणसं लिहून द्या, नोकरी पक्की. चारपर्यंत न्यायचीय.

मावशी : परीक्षेला किती जण?

भाची : बावीस.

मावशी : आणि जागा?

भाची : दोन.

मावशी : म्हणजे अकराशे गिऱ्हाइकं त्याच्या खिशात आणि वीस पोरं वाऱ्यावर! विकतो काय गं मेला?

भाची : पाणी गाळायचं यंत्र. तुला ना, सगळीकडे खोटच दिसते.

मावशी : तीस वर्षं दारोदार शिलाई मशिनं विकलीत मी. चप्पल घ्यावी घालून, मालक घ्यावा बोलून. देऊ नकोस यादी.

भाची : माझी मूळ गुणपत्रिका त्याच्या खणात आहे. यादी दिली की परत देणार.

मावशी : मूळ दिलीस? अगं शहाणे!

भाची : ओरडू नकोस. आईने अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलंय, पोरीला नोकरी लागली म्हणून.

मावशी : बघू तरी. शाळेतल्या बाई... दूधवाल्या काकू... तुझा काका? त्याला तर समोरचं ऐकू येत नाही, फोनवरचं काय येणार! आणि मी कुठंय यात?

भाची : तुझं नाव तीनदा लिहायला घेतलं. हात अडला. ते लोक सकाळ-संध्याकाळ फोन करून पिच्छा पुरवतात म्हणे.

मावशी : आणि दूधवाल्या काकूंचा पुरवलेला चालेल?

भाची : ...दे ती यादी इकडे. फाडते. कोरा कागद आहे? आणि मावशी, तुझा नंबर लिहिला तर चालेल?

मावशी : लिही की. फोनला घाबरले असते तर मशिनं विकली असती? एक ध्यानात ठेव, आपली पिशवी शेवटी उघडायची. आधी त्याचा माल हातात, मग आपला.

(संध्याकाळ. तेच बटणांचं दुकान.)

भाची : मिळाली! ही बघ.

मावशी : कोपरा दुमडलाय मेल्याने. दिली कशी?

भाची : मी कागद मुठीत धरून बसले. म्हटलं, साहेब, आधी गुणपत्रिका. दिली मुकाट्याने. बाहेर रांगेतल्यांनाही सांगून आले, सात-आठ जणी माघारी फिरल्या. आणि मावशी, एवढा मोठा साहेब, पण निळ्या शर्टाच्या बाहीला बटण नाही, टाचणी!

मावशी : थांब, फोन वाजतोय. हॅलो... हो, मीच... दुसरीही मीच... अहो, पन्नासही मीच! यंत्र नको हो. तुमच्या निळ्या बाहीला बटण हवंय ना? दोन भोकांचं देऊ की चार? ...ठेवला वाटतं.

भाची : गिऱ्हाईक घालवलंस!

मावशी : तुझी नजर चांगली आहे. दुसरी नोकरी मिळेतो माझ्याबरोबर शिंप्यांकडे चल उद्यापासून. पगार पहिल्या दिवसापासून.

भाची : यादी आणू?

मावशी : जीभ बघा पोरीची! पण काय गं, सकाळी माझं नाव एकदा लिहवेना, मग पन्नासदा कसं लिहिलंस?

भाची : सकाळी तुला विचारलं नव्हतं.